अक्का, ते दोनशे तास

अक्का, परवा लाइट बिल आलं. मी जिन्यातच उघडलं. तू चष्मा लावून खालच्या ओळीपासून वर वाचत जायचीस, तेवढा दम मला नव्हता. सरळ युनिटवर बोट ठेवलं. शंभराच्या आत. आपलं घर परत शंभराच्या आत आलं होतं. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मला बरं वाटलं. चार-पाच पायऱ्या चढेपर्यंत बरं वाटत राहिलं. मग बिल का कमी आलंय ते डोक्यात शिरलं आणि मी तिथंच बसले.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. तुझ्या वॉर्डातल्या नर्सा आल्या होत्या, आपल्या सोयगावहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. सगळ्यांनी सांगितलं, सिस्टर कशा कडक होत्या, सिस्टरांनी कुणाकुणाला वाचवलं. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, माइकपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, रडू आलं असेल. रडू आलं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं, आणि खरं तर मला ते अजून नीट समजलेलंही नाही. म्हणून आता इथं, घरात बसून, तुझ्याशीच बोलते.

बारा वर्षांपूर्वी संसार मोडून मी तुझ्या दारात आले तो दिवस आठवतो का तुला? दोन पिशव्या होत्या हातात. तू काही विचारलं नाहीस. चहा केलास, समोर बसलीस. मी हमसून हमसून रडत होते आणि तू म्हणालीस, "नंदे, बाथरूमचा दिवा चालू राहिला बघ."

मला इतका राग आला होता! चौदा वर्षांनी मोठी बहीण, आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं, तिला माझ्या रडण्यापेक्षा बाथरूमचा दिवा महत्त्वाचा. मी उठले, दिवा बंद केला, तिथंच तोंड धुतलं आणि बाहेर आले. रडू थांबलं होतं. तू ते मुद्दाम केलंस का अक्का? की तुला खरंच दिवाच दिसला? मी कधी विचारलं नाही. तुझ्या बाबतीत मला कुठलीच गोष्ट कधी नक्की कळली नाही.

विजेवरून आपण बारा वर्षं भांडलो. मी खोलीतून बाहेर पडले की माझ्या मागं तू आत जायचीस आणि खटके बंद. टीव्ही रिमोटनं बंद केलेला तुला चालायचा नाही, भिंतीवरचं बटण बंद पाहिजे. मोबाइल काढून घेतला आणि चार्जर तसाच राहिला, तर तो तू माझ्या उशीवर आणून ठेवायचीस. इस्त्री आठवड्यातनं एकदाच, सगळे कपडे एकदम. अंघोळीचं पाणी गच्चीवर काळ्या टाकीत तापायचं. तू मला दुपारनंतर अंघोळ करायला लावायचीस, कारण तेव्हा ते फुकट कढत असायचं. मी म्हणायचे, "अगं, तुझी पेन्शन आहे, माझा पगार आहे, आपल्याला काय कमी आहे?"

एकदा तू म्हणालीस, "कमी नाय म्हणून जाळायचं व्हय?"

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालीस, सोयगावला आई कंदिलाची वात बारीक करून तुला अभ्यासाला बसवायची, तेव्हापासून हात आपोआप बटणाकडं जातो. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणालीस, "वॉर्डात लाइट गेल्यावर काय होतं ते मी बघितलंय. तू नाय बघितलं." यातलं खरं कुठलं? तिन्ही खरी असतील. पण मग त्या त्या दिवशी तू वेगवेगळं का सांगितलंस?

पण तुझ्यामुळं मी किती सुखात झोपले हेही मला म्हटलं पाहिजे. गच्चीला चुना लावायची टूम तुझीच. मार्चच्या सुरुवातीला, उजाडता उजाडता आपण दोघी बादलीत चुना कालवायचो, त्यात डिंक घालायचो आणि कुंच्यानं सगळी गच्ची पांढरी करायचो. खालच्या मजल्यावरच्या रुबीना भाभी चहा घेऊन वर यायच्या आणि आपल्या पांढऱ्या पायांकडं बघून हसायच्या. ऊन वर आलं की डोळे दिपायचे. मग तू खाली येऊन स्टुलावर चढायचीस, छताला तळहात लावायचीस आणि म्हणायचीस, "बघ, हात टेकतोय. काल चटका बसत होता." बाकीचं पुंडलिकनगर उन्हानं भाजून निघायचं आणि आपल्याकडं दुपारी पंख्यावर भागायचं. रात्री तेवढा कूलर.

भाभींचं बिल एकदा दुप्पट आलं तेव्हा तू त्यांच्या घरी गेलीस. मीटर बघितलं नाहीस, कुणाला फोन केला नाहीस. फ्रिजच्या दारात कागदाचा तुकडा धरलास, दार लावलंस आणि कागद ओढलास. तो अलगद बाहेर आला. "रबर गेलंय," तू म्हणालीस. "रात्रंदिवस गारवा बाहेर चाललाय तुझा." रबर बदललं आणि बिल उतरलं. भाभी तेव्हापासून तुला डॉक्टरच म्हणायला लागल्या. तुला ते आवडायचं. दाखवायची नाहीस, पण आवडायचं.

मग तुझी फुप्फुसं कडक व्हायला लागली. न्यूमोनिया झाला, बरा झाला, पण दम परत आला नाही. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. चोवीस तास. अंघोळीपुरतं काढा, बाकी नाही. भाड्याचं मशीन आलं, माणसानं जोडून दिलं. तुझ्या नाकापासून स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढी लांब नळी. लाइट गेली तर म्हणून कोपऱ्यात छोटा सिलिंडर. दिवसरात्र घरघर. तू नर्स, तुला काही नवं नव्हतं. तू त्या माणसाला विचारलेला पहिला प्रश्न मला आठवतो. "हे किती वॅटचं आहे?"

पहिलं बिल आलं. शंभराचा टप्पा कधीच मागं पडला होता, त्याच्या पुढचाही गेला होता, आणि वरच्या टप्प्याला दर वेगळा. तू बराच वेळ कागद हातात धरून बसलीस. मग म्हणालीस, "नंदे, मी एकटी दोन फ्रिजांपेक्षा जास्त खाते गं."

मी हसले. तूही हसलीस, हसता हसता खोकलीस. मला वाटलं, बरं झालं, हसण्यावारी गेलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आले तर फ्रिजची पिन काढलेली. दार उघडं, आत कोरडं फडकं. "दोघीच तर आहोत. दूध दोनदा आणू. भाजी रोजची रोज." आणणार कोण? शेंद्र्याहून कंपनीची बस मला साडेसहाला चौकात सोडायची आणि तिथूनच मी दुधाला जायचे. इस्त्रीही बंद झाली, कपडे इस्त्रीवाल्याकडं. मी म्हटलं, "अक्का, ते पैसे कुणाचे जातात?" तर म्हणालीस, "ते वेगळं." काय वेगळं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

मी ऐकत राहिले. आजारी माणूस आहे, करू दे मनासारखं, असं भाभींनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. तू एकेक वस्तू बंद करत गेलीस आणि मी हळू आवाजात "बरं" म्हणत गेले.

मग एप्रिलचा पहिला आठवडा. यंदा गच्चीला चुना लागला नव्हता. एकटीनं लावायचा मला कंटाळा आला होता. कंपनीच्या स्टोअरच्या पत्र्याखाली दिवस काढून मी घरी आले तर कूलर गॅलरीत, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला. आदल्या रविवारीच मी धुऊन, नवं गवत घालून लावला होता.

तू म्हणालीस, "एकावेळी एकच. मशीन तरी, नायतर कूलर तरी. वायरिंग पण जुनं झालंय."

आणि मी म्हणाले, "मग तुझ्या मशीनपायी मी उकडून मरू का?"

हळू आवाजात नाही. ओरडून. खाली भाभींना ऐकू गेलं असणार. तू नाकातली नळी नीट केलीस आणि खिडकीकडं बघत बसलीस. मी पिशवी घेतली आणि दुधाला गेले. अर्ध्या तासानं परत आले तर कूलर जागेवर. पाणी भरलेला, चालू. तुला त्या दिवसांत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलं तरी धाप लागायची. तू तो कसा ओढलास, किती वेळ लागला, मध्ये कितीदा बसलीस, मी विचारलं नाही. मी कूलरसमोर बसले.

त्यानंतर रोज मी यायच्या आधी कूलर चालू असायचा. खोली गार असायची. तू नळी लावून खुर्चीत, मशीनची घरघर चालू. तू विचारायचीस, "गार लागतंय का?" मी म्हणायचे, "हो." असे तीन आठवडे. रोज वाटायचं, आज म्हणावं, अक्का, त्या दिवशी मी चुकले. मग वाटायचं, ती विसरली असेल, कशाला उकरायचं.

शेवटच्या सोमवारी आले तेव्हाही कूलर चालू होता, मशीन चालू होतं, पण तुझे ओठ निळे पडले होते आणि अंगात ताप होता. भाभींच्या मिस्टरांनी त्यांच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं, मांडीवर तो छोटा सिलिंडर. चार दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी तू मास्कमधून काहीतरी म्हणालीस आणि वर बोट केलंस. मला समजेना. मी सिस्टरला बोलावलं, तिलाही समजेना. मग माझ्या लक्षात आलं, खिडकीतून लख्ख उजेड येत होता आणि तुझ्या डोक्यावरची ट्यूब चालू होती. मी ती बंद केली. तू मान हलवलीस. आपल्या दोघींमध्ये शेवटचं बोलणं झालं ते एवढंच. चौथ्या दिवशी तू गेलीस.

इथपर्यंत मी समजू शकते. माणसं जातात. माझा गोंधळ यानंतरचा आहे.

कार्यक्रम झाल्यावर मी रजा काढून घरी थांबले होते, मशीन न्यायला तो माणूस आला. नळी गुंडाळली, मग मागच्या बाजूला वाकून एका छोट्या खिडकीतला आकडा बघितला. मशीन किती तास चाललं ते तिथं दिसतं, मला माहीत नव्हतं. त्यानं मोबाइलवर दिवस मोजले आणि म्हणाला, "मॅडम, चोवीस तासांचं सांगितलं होतं ना? हे दोनशे तास कमी चाललंय. दोनशेच्या वरच."

मी म्हटलं, लाइट जात असेल.

"ते धरलं मी. शहरात एवढी नाही जात."

"मग कधी बंद होतं ते कळतं का? कुठल्या दिवशी?"

"नाही मॅडम. फक्त एकूण कळतं."

तो मशीन घेऊन गेला. घर एकदम गप्प झालं. मी भाजीच्या पिशवीवर गणित मांडलं. दिवाळीनंतर मशीन आलं त्या दिवसापासून तू रोज साधारण सव्वा तास ते बंद ठेवलं असशील, तर दोनशे तास होतात. आणि एप्रिलच्या त्या तीन आठवड्यांत, मी ओरडल्यानंतर, मी कंपनीत असताना दिवसभर बंद ठेवलं असशील, तरी दोनशेच तास होतात. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. एकच आकडा आणि त्यात दोन वेगवेगळ्या अक्का. एक रोज थोडा वेळ नळी काढून मोकळी बसणारी. दुसरी माझ्या संध्याकाळच्या कूलरसाठी सकाळपासून स्वतःचा श्वास बंद करून बसणारी, आणि बसची वेळ झाली की खटका चालू करणारी.

मी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "आजार त्या टप्प्यावर आलाच होता."

"पण त्या तासांनी फरक पडला असेल का?"

"पडलाही असेल. नसेलही. मी खरंच सांगू शकत नाही."

तुला सॅच्युरेशन, रक्तात ऑक्सिजन किती, ते शिकवायला नको होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटांना ती चिमटी लावून आकडे वाचलेस तू. तू जे केलंस ते कळून केलंस. पण काय कळून केलंस?

त्या दिवशी घरी येऊन मी सगळं चालू केलं. चारी दिवे, दोन्ही पंखे, टीव्ही, फ्रिजची पिन लावली, दार लावायच्या आधी आत बर्फाचं भांडं ठेवलं. भर दुपारी. म्हटलं, बघू कोण बंद करतंय. तासभर तशीच बसले. फार वाईट वाटलं, आणि तुझा रागही आला, आणि मग उठून एकेक खटका बंद केला. फ्रिज तेवढा राहू दिला.

काल परत रजा काढली. दुपारी चारच्या सुमारास रुबीना भाभी वर आल्या, ताटात मेथी. मला बघून दारातच थबकल्या. म्हणाल्या, "सवय आहे ना. सिस्टर असताना याच टायमाला यायची मी."

आम्ही गॅलरीत बसलो. मेथी निवडता निवडता मी विचारलं, "भाभी, तुम्ही यायच्या तेव्हा मशीन चालू असायचं का?"

त्यांचा हात थांबला. "सिस्टरांनी कसम घातली होती, नंदाला सांगू नको म्हणून."

"आता सांगा."

"कधी चालू, कधी बंद. थंडीत ऊन यायचं इथं, तेव्हा नळी काढून बसायच्या. म्हणायच्या, 'भाभी, या घरघरीत माझंच बोलणं मला ऐकू येत नाय.' बोटाला ती चिमटी लावूनच बसायच्या. नंबर खाली आला की आत. मी बोलायची, सिस्टर, ऐसा मत करो. तर बोलायच्या, मैं नर्स हूँ, तू नहीं."

"आणि एप्रिलमध्ये?"

"एप्रिलमें मैं कहाँ थी? जालन्याला गेली होती ना, बहिणीच्या बाळंतपणाला. आले तर सिस्टर दवाखान्यात."

म्हणजे थंडीत तू मोकळी बसलीस हे खरं. रोज का कधीतरी, भाभींना सांगता येईना. आणि एप्रिलचं कुणालाच माहीत नाही. माझा आकडा तसाच राहिला.

मग मी भाभींना ते सांगितलं. मी काय ओरडले होते ते. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"ऐकू आलं होतं?"

"ऐकू पण आलं. आणि दुसऱ्या दिवशी मी जालन्याला निघाले तेव्हा सिस्टर स्वतः बोलल्या." त्या जरा हसल्या. "बोलल्या, 'भाभी, दिवाळीपासून सगळे माझ्याशी हळू बोलतात. डॉक्टर हळू, तू हळू, नंदी हळू. मला वाटायला लागलं होतं, मी गेलेलीच आहे. काल नंदी ओरडली माझ्यावर, पहिल्यासारखी. लई बरं वाटलं.'"

अक्का, हे तू खरंच म्हणालीस का? रुबीना भाभी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. पण माझा चेहरा बघून एखादं वाक्य त्या बनवूही शकतात, तेवढी माया आहे त्यांची माझ्यावर. आणि तू म्हणाली असलीस तरी ते खरं होतं, की माझ्यापर्यंत पोचावं म्हणून भाभींच्या हाती दिलं होतंस? मी रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. सकाळी उठले तरी काही ठरलं नव्हतं.

भाभी मात्र काल जाताना एवढंच म्हणाल्या, "तू अजून पण हळूच बोलते."

खरंय. पहिल्या ओळीपासून मी तुझ्याशी हळूच बोलते आहे. आजारी माणसाशी बोलावं तसं, गेलेल्या माणसाशी बोलावं तसं. तुला ते नको होतं असं भाभी म्हणतात. मग ऐक. गॅलरीचं दार उघडं आहे, खाली ऐकू गेलं तर जाऊ दे.

अक्का, ते मशीन का बंद करत होतीस गं? मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं तुला?